तंबोऱ्याची दांडी आणि खिलारचं वशिंड: थ्रीडी मेश वाकवायची कशी

मेश, म्हणजे थ्रीडी मॉडेलचं बिंदूंचं जाळं, वाकवायला घेण्याआधी मी पोरांना एकच प्रश्न विचारते: यातलं काय अजिबात हललं नाही पाहिजे? बहुतेक जण उलटीकडून सुरुवात करतात. काय हलवायचंय ते डोक्यात असतं, मग दिसेल तो मॉडिफायर, म्हणजे आकार बदलणारं तयार साधन, लावला जातो आणि पाय उचलायला जावं तर शिंगही लवतं. आधी ताठ भाग ठरवा. कुठली पद्धत घ्यायची ते निम्मं तिथंच ठरतं.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते, घरातूनच थ्रीडीचं काम करते आणि संध्याकाळी चार पोरं शिकायला येतात. काम मुख्यतः दोन तऱ्हेचं. एक मिरजेच्या वाद्य कारागिरांचं: गिऱ्हाईक लांबचं असतं, त्याला फोनवर तंबोरा फिरवून बघायचा असतो. दुसरं प्रदर्शनांचं आणि गणपतीतल्या देखाव्यांचं, त्यात बैल, हत्ती, मावळे सगळं येतं. म्हणून या लेखात दोनच मॉडेलं घेते, मिरजेचा तंबोरा आणि आटपाडीकडचा खिलार बैल. एकात लाकूड आहे, दुसऱ्यात हाडामांसाचं जनावर. दोघांत मिळून बहुतेक सगळ्या पद्धती येऊन जातात.

सॉफ्टवेअर ब्लेंडर. फुकट आहे आणि २००२ पासून मुक्त स्रोत आहे. माया किंवा हूडिनी वापरणाऱ्यांना हीच तंत्रं थोड्या वेगळ्या नावांनी सापडतील.

आधी दोन गोष्टी पक्क्या करा

मेश म्हणजे बिंदू आणि कोणता बिंदू कोणाला जोडलाय याची यादी. वाकवताना फक्त बिंदूंच्या जागा बदलतात, यादी तशीच राहते. त्यामुळे जिथे बिंदूच नाहीत तिथे मेश वाकणार नाही. वर एक कडं आणि खाली एक कडं एवढाच सिलिंडर घेऊन त्याला बाक द्यायला जाल तर तो नुसता तिरका होईल. कंट्रोल आर दाबून आडवी कडी वाढवा. काटकोनात वाकणाऱ्या भागाला नऊ-दहा कडी दिली, म्हणजे प्रत्येक कड्याच्या वाट्याला साधारण दहा अंश आले, की शेड स्मूथ केल्यावर मोड डोळ्यांना खुपत नाही. तीस-चाळीस कडी घालू नका. एप्रिलातल्या दुपारी सांगलीत लॅपटॉपचा पंखा आधीच बोंबलत असतो.

दुसरं, कंट्रोल ए दाबून स्केल पक्कं करा. ऑब्जेक्टचं स्केल एक, एक, एक नसेल तर पुढचं जवळपास प्रत्येक साधन थोडं थोडं खोटं वागतं, आणि कारण शोधण्यात संध्याकाळ जाते.

पीळ, बाक आणि निमुळतेपणा

१९८४ साली अ‍ॅलन बार यांनी घन आकारांना पीळ देणं, वाकवणं, निमुळतं करणं हे सरळ सूत्रांत मांडलं. ब्लेंडरमधला सिंपल डिफॉर्म मॉडिफायर त्याच घराण्यातला. पीळ देताना काय होतं? वस्तूची आडवी चकती घ्या आणि ती जितकी उंचावर असेल तितकी जास्त फिरवा. चकतीचा आकार बदलत नाही, फक्त ती फिरते, म्हणून पिळल्यावरही एकूण आकारमान तेवढंच राहतं. टेपरचं, म्हणजे निमुळतं करण्याचं, तसं नाही. तो चकतीच लहान करतो, आकारमान घटतं.

खिलारच्या शिंगाला हे तिन्ही लागतात. शिंग बुडाशी जाड, मागे जातं, मग वर वळतं आणि टोकाला सुईसारखं होतं. सिलिंडर झेड अक्षावर उभा ठेवा आणि त्याचा मूळबिंदू बुडाशी आणा. हे विसरलं की शिंग मधून वाकतं आणि बूड कवटीतून बाहेर येतं. आधी टेपर लावा, फॅक्टर उणे. त्यानंतर बाक, अक्ष एक्स किंवा वाय. उभ्या शिंगाला झेड अक्ष निवडलात तर हवा तसा बाक येत नाही, आणि इथे नवखे लोक हटकून अडतात. शेवटी किंचित पीळ.

क्रम बदलून पाहा, फरक लगेच कळेल. बाक आधी दिला तर शिंग अक्षावर राहतच नाही आणि टेपर वाकड्या शिंगाला सरळ उंचीने मोजून बारीक करतो. जाडी भलतीकडेच कमी होते. मॉडिफायरच्या यादीत वरचा आधी चालतो, एवढं लक्षात ठेवा.

तंबोऱ्याच्या खुंट्यांना नुसता टेपर पुरतो. त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

लॅटिस: भोपळ्याचं काम

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा खराखुरा भोपळा असतो, वाळवलेला, आणि कोणतेही दोन भोपळे सारखे नसतात. पुरुषांच्या सुराचा तंबोरा मोठा, बायकांच्या सुराचा लहान. आता प्रत्येक वाद्याला नवं मॉडेल करत बसायचं का? नाही. एक चांगलं मॉडेल करायचं आणि भोपळा तेवढा हव्या त्या आकारात ओढायचा.

सतारमेकर गल्लीतल्या एका चाचांना मी पहिल्यांदा स्क्रीनवर भोपळा फुगवून दाखवला तेव्हा त्यांनी भोपळ्याकडे बघितलंच नाही. ते बघत होते दांडीकडे. म्हणाले, "भोपळा काय, शेतात लागतो तसा लागतो. दांडी मी केलीय. ती वाकडी दिसली तर गिऱ्हाईक मला विचारणार." म्हणजे ताठ भाग कोणता, ते त्यांनीच सांगून टाकलं.

आता कृती. अ‍ॅड मेनूतून लॅटिस, म्हणजे नियंत्रण बिंदूंची चौकटीसारखी जाळी, आणा. ऑब्जेक्ट मोडमध्येच तिला मोठी करून भोपळ्याभोवती बसवा. एडिट मोडमध्ये ताणून बसवू नका, कारण एडिट मोडमध्ये हलवलेला प्रत्येक बिंदू ब्लेंडर विकृती म्हणून धरतो आणि तुम्ही काही करायच्या आतच भोपळा फुगलेला असतो. लॅटिसच्या डेटा टॅबमध्ये रिझोल्यूशन द्या: यू आणि व्ही चार-चार, डब्ल्यू सहा. मग भोपळ्याच्या मेशवर लॅटिस मॉडिफायर लावा आणि त्यात ही लॅटिस निवडा. आता लॅटिसच्या एडिट मोडमध्ये जाऊन मधले थर बाहेर ओढा.

दांडी वाचवायची युक्ती अशी: लॅटिसचे वरचे दोन थर अजिबात हलवायचे नाहीत. एक थर पुरत नाही. ब्लेंडरची लॅटिस मुळात बी-स्प्लाइनवर चालते, आणि त्यात एखाद्या जागेवर तिच्या पलीकडच्या आणि अलीकडच्या मिळून एका दिशेत चार नियंत्रण बिंदूंचा परिणाम होतो. लॅटिसच्या बाहेर असलेला भाग सर्वांत कडेच्या थराबरोबर ओढला जातो. वरून दुसरा थर हलवलात तर गुलूपाशी, म्हणजे भोपळा आणि दांडी जुळतात तिथे, हलकासा झोल येतो. समोरून बघताना दिसत नाही. वरून तारांच्या रेषेत बघितलं की दिसतो, आणि चाचा तिथूनच बघतात.

ही कल्पना १९८६ साली सेडरबर्ग आणि पॅरी यांनी मांडली. वस्तू जिच्यात बसली आहे ती जागाच वाकवायची, वस्तू आपोआप वाकते. त्यांनी बर्नस्टाइन बहुपदी वापरल्या होत्या. त्यात एक बिंदू हलवला तरी सगळ्या ठोकळ्यावर थोडाफार परिणाम होतो. बी-स्प्लाइनमध्ये परिणाम आसपासच राहतो आणि आपल्या तंबोऱ्याला तेच हवंय.

तबलीचं काय? भोपळ्यावर समोरून बसवलेली ती लाकडी तबली हलकी फुगीर असते, पण लाकूडच ते. भोपळा फुगला म्हणून ती बटाट्यासारखी होता कामा नये. तिच्यासाठी व्हर्टेक्स ग्रुप, म्हणजे निवडक बिंदूंचा गट, करा, मधल्या बिंदूंना कमी वेट (परिणामाचा वाटा) आणि कडेच्या बिंदूंना पूर्ण वेट द्या, आणि तो ग्रुप लॅटिस मॉडिफायरमध्ये निवडा. कड भोपळ्याबरोबर जाते, मध्य जवळपास जागेवर राहतो. घोडी, म्हणजे तबलीवर तारा टेकतात तो तुकडा, वेगळं ऑब्जेक्ट ठेवा. तबलीचे तीन बिंदू निवडून कंट्रोल पी, मग व्हर्टेक्स ट्रँगल. घोडी तबलीबरोबर सरकते आणि कलते, पण स्वतः वाकत नाही. चारही तारा कर्व्ह म्हणून करा, प्रत्येकीला दोनच टोकं, एक हुक (टोक धरून ठेवणारं साधन) घोडीपाशी आणि एक दांडीच्या वरच्या टोकाकडच्या मेरूपाशी. तार मधून वाकलेली दिसली तर वाजवणारा माणूस लगेच हसतो.

लॅटिसची एक खोड सांगायला हवी. ती जागा बघते, मेश बघत नाही. तंबोऱ्यात याने काही बिघडत नाही. पण बैलाच्या पुढच्या दोन पायांभोवती लॅटिस टाकून एकच पाय ओढायला गेलात तर शेजारचा पायही निघतो, कारण तो त्याच जागेत उभा आहे. अशा वेळी पिंजरा वापरायचा: मेश डिफॉर्म मॉडिफायर, म्हणजे मॉडेलभोवती ढोबळ, बंद मेश करायची आणि दोन्ही एकमेकांना बांधणारं बाइंड दाबायचं. ब्लेंडर त्यासाठी हार्मोनिक कोऑर्डिनेट्स वापरतो, पिक्सारमधल्या मंडळींनी २००७ साली मांडलेले. त्यात परिणाम पिंजऱ्याच्या आतून पसरतो. एका पायाच्या पिंजऱ्यातून शेजारच्या पायात उडी मारत नाही, त्याला पोटापर्यंत जाऊन परत यावं लागतं. पिंजऱ्याला कुठे भोक राहिलं तर बाइंड फसतं. मी पिंजरा फक्त पोट आणि मान यांच्या ढोबळ फेरफारासाठी ठेवते, चालण्यासाठी नाही.

हाडं आणि वेट: बैल चालवायचा

आता मुख्य काम. माझ्याकडे शिकायला येणारा एक मुलगा आटपाडीचा आहे, घरी खिलार जोडी. खरसुंडीच्या यात्रेत बैलांचा बाजार भरतो तिथले फोटो त्याने पोतंभर आणले होते. त्याने बैल केला, चालवला, वडिलांना व्हिडिओ पाठवला. वडिलांचा निरोप आला: "वशिंड पायाबरोबर हालत न्हाई, मागनं हालतं." बस्स, एवढंच. रिगिंगच्या, म्हणजे मॉडेलला हाडं घालून हलवण्याच्या, सगळ्या धड्यात मला ह्याहून नेमकं वाक्य सापडलेलं नाही.

सांगाडा घालताना पहिली चूक पुढच्या पायात होते. बैलाच्या पुढच्या पायात मध्यावर जो गुडघा दिसतो तो शरीररचनेने मनगट आहे. खरं कोपर वर, छातीला लागून. मागच्या पायातला मागे वळलेला सांधा म्हणजे टाच. माणसाचा सांगाडा ताणून बैलात बसवला की चाल कुत्र्याचीही राहत नाही, बैलाची तर नाहीच. म्हणून फोटोवर आधी सांध्यांचे ठिपके काढा, मग हाडं घाला.

मेश निवडा, मग सांगाडा निवडा, कंट्रोल पी, विथ ऑटोमॅटिक वेट्स. इथे ब्लेंडर प्रत्येक हाडातून उष्णता पसरते असं गृहीत धरून कुठल्या कातडीवर कुठल्या हाडाचा किती हक्क ते ठरवतो. २००७ सालच्या बारान आणि पोपोविच यांच्या कामातून ही रीत आली. कधी कधी 'बोन हीट वेटिंग' फसल्याचा निरोप येतो. त्याची नेहमीची कारणं: एकावर एक बसलेले दुहेरी बिंदू, एकमेकांत घुसलेले सुटे तुकडे, मेशच्या बाहेर डोकावणारं हाड. मर्ज बाय डिस्टन्स चालवा. घुंगरमाळ, वेसण, डोळे हे आधी वेगळे काढा. नव्वद टक्के वेळा निघतं.

ऑटोमॅटिक वेट ही सुरुवात आहे, यावर कोणी समाधान मानू नये. आता ताठ भागांची यादी काढा: शिंगं, खुर, दात. वेट पेंटमध्ये शिंगाचे सगळे बिंदू डोक्याच्या हाडाला पूर्ण एक द्या आणि बाकी सगळ्या ग्रुपमधून काढून टाका. रंग लाल दिसला पाहिजे, जराही पिवळा नको. पिवळा म्हणजे मान वळली की शिंग रबराचं. खुरांचंही तसंच. मग नॉर्मलाइज ऑल चालवा म्हणजे प्रत्येक बिंदूच्या वेटांची बेरीज एक होते.

नुसती मान वळवून वेट तपासू नका. प्रत्येक सांधा त्याच्या टोकाच्या स्थितीला नेऊन बघा: पाय पूर्ण दुमडलेला, मान पूर्ण खाली चाऱ्याला लागलेली, मान पूर्ण मागे वळून पाठीवरची माशी हाकलताना. या तीन स्थिती मी टाइमलाइनवर आधीच टाकून ठेवते आणि वेट रंगवताना पुढे-मागे सरकत राहते.

वशिंड आणि पोळी, म्हणजे मानेखाली लोंबणारी कातडी, यांना स्वतःची हाडं द्या. वशिंडाला एक पुरतं, बूड पाठीच्या कण्यावर. पोळीला तीन-चार हाडांची साखळी. या हाडांची हालचाल पायांच्या फ्रेम सरळ उचलून देऊ नका. तेच वळण काही फ्रेम मागे सरकवा आणि कमी करा. आटपाडीच्या वडिलांनी सांगितलेलं एवढंच आहे, ते ग्राफ एडिटरमध्ये बिंदू उजवीकडे ओढून होतं. चोवीस फ्रेमच्या चालीत तीन-चार फ्रेमचा उशीर मला बरा वाटतो. पोळीच्या टोकाला आणखी थोडा.

आता कातडीचं गणित, कारण ते समजलं नाही तर पुढचा बिघाड दुरुस्त करता येत नाही. प्रत्येक बिंदूची नवी जागा काढायला ब्लेंडर विचारतो: पहिल्या हाडाने नेलं असतं तर बिंदू कुठे गेला असता? दुसऱ्याने नेलं असतं तर कुठे? मग वेटाप्रमाणे दोन्ही जागांची सरासरी. याला लिनिअर ब्लेंड स्किनिंग म्हणतात. झटपट आहे, फोनवरही चालतं. अडचण सरासरीतच आहे. वर्तुळावरच्या दोन बिंदूंचा मध्य वर्तुळावर पडत नाही, आत पडतो.

मानेला पीळ द्या. कवटी नव्वद अंश फिरली आणि मधल्या कातडीवर दोन्ही हाडांचा निम्मा-निम्मा हक्क असेल, तर तिथली त्रिज्या कोसाइन पंचेचाळीस, म्हणजे ०.७०७ पट होते. जवळपास तीस टक्के मान गेली. साठ अंशाला ०.८६६ पट, फारसं डोळ्यात येत नाही. एकशे ऐंशी अंशाला शून्य: कातडी अक्षावर एका बिंदूत येते, ओल्या धुण्याला पीळ घालावा तशी. तुम्ही काही चुकीचं केलेलं नसतं, सूत्रच तसं आहे.

उपाय तीन, आणि मी या क्रमाने वापरते.

पहिला, पिळाची हाडं. मानेत एकाऐवजी तीन-चार हाडं घाला आणि नव्वद अंश त्यांच्यात वाटून टाका. दर जोडीला तीस अंश आले तर त्रिज्या ०.९६६ पट राहते, कोणाला कळत नाही. हे कुठेही चालतं.

दुसरा, आर्मेचर (सांगाडा) मॉडिफायरमधली प्रिझर्व व्हॉल्यूम ही खूण. ती लावली की सरासरी जागांची न होता ड्युअल क्वाटर्निअनची, म्हणजे फिरणं आणि सरकणं एकत्र मांडणाऱ्या संख्यांची, होते, २००७ साली लादिस्लाव कवान आणि सहकाऱ्यांनी स्किनिंगसाठी आणलेली रीत. पीळ छान टिकतो. पण दुमडलेल्या सांध्यापाशी बाहेरच्या बाजूला फुगवटा येतो, बैलाच्या पुढच्या गुडघ्यावर तर सूज आल्यासारखा. शिवाय मॉडेल फोनसाठी ग्लटीएफ या फाइल प्रकारात जाणार असेल तर विसरा, तिथे लिनिअरच असतं. ब्लेंडरमध्ये सुंदर आणि फोनवर पिळलेलं, असा प्रकार होतो.

तिसरा, शेप की. सांधा दुमडून ठेवा, बिघडलेली कातडी हाताने नीट करा, तो आकार शेप की म्हणून साठवा आणि ड्रायव्हर (एका किमतीवरून दुसरी चालवणारी जोडणी) लावून सांध्याच्या कोनाला जोडा. कोन वाढेल तसा दुरुस्त आकार चढतो. मेहनतीचं काम आहे, पण देखाव्यातल्या मोठ्या स्क्रीनवर हाच शोभतो. बैलाच्या रवंथालाही मी शेप कीच वापरते, कारण जबडा नुसता उघडमीट करत नाही, आडवा सरकतो, आणि गाल एका बाजूला फुगतो. एक धोका: शेप की घातल्यावर सबडिव्हिजनसारखा मॉडिफायर पक्का करता येत नाही, आणि नंतर मेशमध्ये नवे बिंदू घातले तर की बिघडू शकतात. मेश अंतिम झाल्याशिवाय शेप कीला हात लावू नका.

या सगळ्यावर झिलई म्हणून आर्मेचरच्या खाली करेक्टिव्ह स्मूथ लावता येतो. मूळ आकाराचा तपशील लक्षात ठेवून तो बिघडलेली कातडी सावरतो. हलक्या हाताने द्या. जास्त दिला तर बरगड्यांचा उठाव जातो आणि बैल पोसलेला न दिसता सुजलेला दिसतो.

नक्षी न बिघडवता ओढायचं

तंबोऱ्याच्या गुलूवर कोरलेली लाकडी पानं बसवलेली असतात. असं एक पान मी फोटोंवरून स्कॅन केलं, मेश दाट, शिरा-कोरीव सगळं आलेलं. ते दुसऱ्या, जास्त गोल भोपळ्यावर बसवायचं. लॅटिसने पान वाकेल, पण कोरीव शिराही ताणल्या जातील. हाडं घालणं हास्यास्पद. इथे लाप्लासियन पद्धत लागते.

तिच्यामागचा विचार सुरेख आहे. प्रत्येक बिंदूसाठी, तो आपल्या शेजाऱ्यांच्या सरासरीपासून किती आणि कोणत्या दिशेला बाहेर आहे, तेवढा फरक टिपून ठेवायचा. सपाट जागी फरक जवळपास शून्य, शिरेच्या उंचवट्यावर मोठा. नक्षी म्हणजे हे फरकच. मग काही बिंदू जागेवर खिळवायचे, काही हव्या त्या जागी न्यायचे आणि बाकीच्यांना सांगायचं: तुमचे फरक शक्य तेवढे जपा. हे एक मोठं समीकरण होतं, पण त्यात बहुतेक आकडे शून्य असतात म्हणून ते पटकन सुटतं. ओल्गा सॉर्किन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ते पृष्ठभागांच्या संपादनासाठी मांडलं.

अडचण फिरण्याची. भाग साठ अंश वळला तरी फरकाची जुनी दिशा तशीच धरली तर शिरा कलतात, चिरडतात. २००७ साली सॉर्किन आणि मार्क अलेक्सा यांनी तोड दिली: प्रत्येक बिंदूच्या शेजारापुरतं सर्वांत जुळणारं फिरणं शोधा, मग समीकरण सोडवा, पुन्हा फिरणं शोधा, पुन्हा सोडवा. आकार आपल्या परीने शक्य तेवढा ताठ राहतो. मेश तीच असल्यामुळे समीकरणाचं जड काम एकदाच करावं लागतं, म्हणून हाताने ओढतानाही निकाल बघता येतो.

ब्लेंडरमध्ये लाप्लासियन डिफॉर्म मॉडिफायर आहे. एक व्हर्टेक्स ग्रुप करा. त्यात खिळवलेले आणि ओढायचे असे दोन्ही बिंदू येतात. पानासाठी मी देठाकडचे बिंदू, टोक आणि दोन्ही कडांचे मोजके बिंदू घेते. बाइंड दाबा. मग कडांचे बिंदू हुक लावून भोपळ्याच्या गोलाईवर बसवा. रिपीटचा आकडा वाढवला की फिरण्याचा अंदाज सुधारतो, पाचच्या पुढे मला सहसा फरक दिसत नाही. बाइंडनंतर मेशमध्ये एकही बिंदू वाढवला किंवा घटवला तर मॉडिफायर रुसतो.

ओढून झालं की पृष्ठभाग ताणलाय का ते डोळ्यांवर सोडू नका. नवी इमेज करा, प्रकार यूव्ही ग्रिड, आणि ती पानावर लावा. चौकोन जिथे लांबट झाले तिथे लाकडाच्या रेषाही लांबट दिसणार.

झूल

बेंदराला बैल सजतो, देखाव्यातला बैलही सजवूनच मागतात. झुलीला वेगळी हाडं घालण्यात अर्थ नाही. सरफेस डिफॉर्म मॉडिफायर लावा, टार्गेट बैल, बाइंड. झुलीचा प्रत्येक बिंदू बैलाच्या जवळच्या कातडीला बांधला जातो. टार्गेटवर आत दबलेले बहुकोन किंवा एका कडेला दोनपेक्षा जास्त फेस (मेशचे सपाट तुकडे) असतील तर बाइंड नाकारलं जातं. चौकोनी फेसांचा स्वच्छ बैल केला असेल तर प्रश्न येत नाही. बाइंड नेहमी बैल सरळ उभा असताना करा. कासऱ्याला मात्र कर्व्ह मॉडिफायर: दोरीचा सरळ तुकडा, ॲरेने लांब केलेला, कर्व्हवर सोडायचा. दोरी आणि कर्व्ह यांचे मूळबिंदू एकाच जागी ठेवा, नाहीतर दोरी बैलापासून दोन हात लांब हवेत वळते.

देखाव्याच्या स्क्रीनसाठी इथे काम संपतं, व्हिडिओ काढायचा आणि मंडळाला द्यायचा. फोनसाठी आणखी थोडं आहे. लॅटिस, लाप्लासियन, सरफेस डिफॉर्म यातलं काहीच ग्लटीएफमध्ये जिवंत जात नाही. तिथे हाडं आणि शेप की जातात, बाकी सगळं पक्कं होऊन जातं. तंबोऱ्याला ते चालतं, कारण भोपळा ठरला की ठरला: प्रत्येक आकाराची प्रत करा, मॉडिफायर पक्के करा, पाठवा. बैलाच्या झुलीला ते चालत नाही, पक्की झालेली झूल बैल चालला तरी जागेवरच थांबेल. म्हणून फोनच्या प्रतीत सरफेस डिफॉर्म काढा, वेट पेंटमधल्या ट्रान्सफर वेट्सने बैलाचे वेट झुलीवर उतरवा आणि झुलीलाही तोच सांगाडा जोडा. लिमिट टोटल चार ठेवा, म्हणजे एका बिंदूवर चारापेक्षा जास्त हाडांचा हक्क राहत नाही. निर्यातीच्या खिडकीत अप्लाय मॉडिफायर्सची खूण लावण्याआधी बघा, बऱ्याच आवृत्त्यांत ती लावली की शेप की गळतात आणि रवंथ बंद पडतो.

शेवटी फोनवर बैल पोटाखालून फिरवून बघा. चालताना झुलीच्या कडेतून पांढरी कातडी वर येत असेल तर वेटांशी झटापट करू नका. झुलीखाली झाकला जाणारा कातडीचा भाग ग्रुपमध्ये घ्या, कड दोन ओळी सोडून, आणि मास्क मॉडिफायरने तो गायब करा. शेप की असतील तर मास्क पक्का होणार नाही. तेव्हा तेच फेस एडिट मोडमध्ये जाऊन सरळ काढून टाका, शेप की टिकून राहतात. मूळ फाइल मात्र आधी वेगळ्या नावाने सेव्ह करा.